पिल्लू नव्हे रे ते

ट्यूसन, ॲरिझोना
१८ ऑगस्ट

प्रिय अन्या,

‘फोटोतलं ते रॅटलस्नेकचं पिल्लू ना?’ हा तुझा प्रश्न वाचला आणि देवगडचे दिवस आठवले. मांजऱ्या साप दिसला की लोक विषारी फुरसं समजून काठी घेऊन धावायचे आणि तू पुढे होऊन डोक्यावरची खूण दाखवायचास. इथे रॅटलस्नेकच्या, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेल्या विषारी सापांच्या बाबतीत घोळ लांबीमुळे होतो. हातभर साप दिसला की तो डायमंडबॅक या मोठ्या जातीच्या रॅटलस्नेकचं पिल्लू ठरतो. मीही आधी तसंच म्हणायचो. पण तुला पाठवलेल्या फोटोतला तो पूर्ण वाढलेला साप आहे.

तो भेटला चिरिकाहुआच्या डोंगरात, आठ हजार फुटांच्या वर, सुट्या दगडांच्या उतारावर. नुकताच पाऊस पडून गेला होता. दगडांच्या फटीतून रातकिड्यासारखी बारीक किरकिर आली. जागीच थांबलो, दुर्बीण लावली. करडं अंग, पाठीवर जोडीजोडीने गेलेले तपकिरी ठिपके. हा ट्विन-स्पॉटेड रॅटलस्नेक, छोट्या जातीचा. दोन फुटांपुढे क्वचितच जातो. तुझ्याकडच्या चापडा सापासारखाच डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारा खड्डा. मी श्वास रोखून बघत राहिलो.

शेपटी नीट बघायची. पिल्लाने पहिली कात टाकली की खुळखुळ्याचं एकच बटण उरतं, ते वाजत नाही. पुढच्या कातीला दुसरा मणी येतो, मग दोन्ही एकमेकांवर आपटून आवाज होतो. वाढत्या सापाचे मणी टोकाकडे निमुळते असतात, वाढ झालेल्याचे जवळपास सारख्याच रुंदीचे. मणी मोजून वय मात्र सांगायचं नाही. वर्षात कात एकाहून जास्त वेळा पडते, आणि जुने मणी तुटतातही.

याच डोंगराळ भागात रॉक रॅटलस्नेक आहे, करड्या किंवा हिरवट अंगावर गडद आडवे पट्टे. तिसरा रिज-नोज्ड रॅटलस्नेक, त्याच्या नाकाची कड वर उचललेली, आणि इथल्यांच्या चेहऱ्यावर ठळक पांढऱ्या रेघा. १९८६ साली ॲरिझोनाने त्याला राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला. खाली गवताळ माळावर चौथा छोटा रॅटलस्नेक, मॅसासॉगा. त्याच्या डोक्यावर नागासारखे मोठे नऊ खवले, बाकीच्या तिघांच्या डोक्यावर घोणशीसारखे बहुतेक बारीक. डोक्याचा वरून फोटो मिळाला की मॅसासॉगा लगेच वेगळा काढता येतो. पण तेवढ्यासाठी जवळ जायचं नाही, लांबची लेन्स लावायची.

या चौघांनाही इथे कायद्याचं संरक्षण आहे. तरी चोरून पकडणारे येतात, दगड उलथून टाकतात. सापांचं घरच मोडतं रे. त्या दिवशी असेच चार-पाच उलटे दगड दिसले आणि पोटात कालवलं. म्हणून नेमकी जागा मी कुणाला सांगत नाही. तुलाही पत्रात लिहीत नाही, आलास की दाखवेन.

यंदाच्या फुरशांचे फोटो पाठव, डोक्यावरची खूण स्पष्ट दिसेल असे. काकूंना नमस्कार.

तुझाच,
विन्या