वरच्या खोलीतील पडद्यासाठी आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपण नाशिक सोडून मुलीकडे राहायला जाणार असल्याचे समजले. निरोपाच्या कार्यक्रमाला आपण नकार दिलात, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. गंगापूर रोडवरील आपल्या घराच्या वरच्या खोलीत आपण आम्हाला दर महिन्याला जे परदेशी चित्रपट दाखवलेत, त्यांतून आम्हाला नेमके काय मिळाले, हे आपल्याला कोणीतरी नीट सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आपण सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून केली होती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहिला आणि तो पाहता पाहता त्यांच्या मनासमोर आपले राम-कृष्ण उभे राहिले. पुढे १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते तंत्र शिकून आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. हा इतिहास आपण नाशिककर अभिमानाने सांगतो. मात्र आपल्या चित्रपटसृष्टीचा उगम दुसऱ्यांच्या श्रद्धेची गोष्ट मन लावून पाहण्यात आहे, हा त्यातला अर्थ आपण आमच्यापुढे ठेवलात आणि मग दिवे मालवलेत.

पडद्यावरील इंग्रजी ओळी ज्यांना वाचता येत नव्हत्या, त्यांच्यासाठी आपण सगळे संवाद आधी मराठीत लिहून काढत होतात आणि चित्रपट सुरू असताना मागच्या रांगेत बसून हळू आवाजात वाचत होतात. त्यामुळेच पंचवटीतल्या मावशी, दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार आणि महाविद्यालयात शिकणारी मुले एकाच चित्रपटाविषयी एकमेकांशी बोलू शकली. हे श्रम आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे मोल जाणतो.

माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ हा १९९७ चा इराणी चित्रपट आपण दाखवलात, तो दिवस माझ्या विशेष स्मरणात आहे. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, घरी सांगायची सोय नसते, आणि मग ती सकाळच्या शाळेत व तो दुपारच्या शाळेत असल्यामुळे दोघे एकच जोडी आळीपाळीने वापरतात. दोन पाळ्यांच्या शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना यातले काहीच समजावून सांगावे लागले नाही. पण खोलीला खरा स्पर्श झाला तो एका छोट्या प्रसंगाने. वडील मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसलेले आहेत, मुलगी त्यांना चहा देते, ते साखर मागतात. समोर एवढी साखर असताना आणखी कशाला, असे ती विचारते, तेव्हा ते तिला सांगतात की ही साखर मशिदीची आहे. त्या क्षणी भंडाऱ्याच्या स्वयंपाकाला नेहमी जाणाऱ्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, “बरोबर आहे, देवाच्या कोठीतलं घरी वापरायचं नसतं.” त्या माणसाचा देश, भाषा, उपासना यांपैकी काहीही मावशींचे नव्हते, तरी त्याचा धर्म त्यांनी तत्काळ ओळखला. माणुसकी सगळीकडे सारखीच असते, हे वाक्य भाषणांत मी कितीतरी वेळा ऐकले होते. गरिबाच्या बिनसाखरेच्या चहाइतके ते मला कधी पटले नव्हते.

आपला याहून मोठा उपकार असा की, “अगदी आपल्यासारखेच” असे म्हणून आम्ही थांबू लागलो की आपण आम्हाला थांबू देत नव्हतात. यासुजिरो ओझू यांच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’नंतर खोलीत पुण्यामुंबईच्या मुलांविषयी तक्रारी सुरू झाल्या. म्हातारे आईवडील लांबून मुलांकडे येतात आणि मुलांना वेळ नसतो, म्हटल्यावर ते होणारच होते. आपण सगळ्यांचे ऐकून घेतलेत आणि मग आमचे लक्ष दोन गोष्टींकडे वळवलेत: त्या घरात युद्धात गेलेला एक मुलगा आहे आणि त्याची विधवाच सासूसासऱ्यांची सर्वांत जास्त काळजी घेते, शिवाय ते आईवडील स्वतः मात्र, आपली मुले इतरांपेक्षा बरी आहेत, असेच एकमेकांना सांगतात. युद्धानंतरचा जपान आणि दुःख मोठ्याने न बोलण्याची त्या लोकांची रीत समजून घेतल्यावर तो चित्रपट आम्हाला दूरचा वाटू लागेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तो अधिक जवळ आला. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेने घर पाहतो, हेही आपणच दाखवलेत. पाटावर बसून जेवलेल्या पिढीला ती नजर परकी नव्हती. माझ्या मते परक्या माणसाशी नाते जोडायचे असेल, तर त्याचे वेगळेपण पुसून चालत नाही, आणि हे मी आपल्या खोलीत शिकले.

‘बायसिकल थीव्हज’ या इटालियन चित्रपटाविषयी थोडेच लिहिते. गहाण सायकल सोडवण्यासाठी घरच्या चादरी गहाण टाकल्या जातात, आणि दुकानातला माणूस ते गाठोडे इतरांच्या गाठोड्यांनी भरलेल्या उंच फळ्यांवर चढून ठेवतो. तेव्हा दिंडोरीचे काका काहीच बोलले नाहीत. पण हा चित्रपट मला मुलाला घेऊन पुन्हा पाहायचा आहे, असे त्यांनी आपल्याला सांगितले, आणि आपण केवळ त्या दोघांसाठी तो पुन्हा लावलात.

आपण दिलेला प्रोजेक्टर आणि पडदा आता माझ्या घरी सुखरूप आहेत आणि बैठका चालू ठेवायचे सर्वांनी ठरवले आहे. पुढच्या महिन्यात अकिरा कुरोसावा यांचा १९५२ चा ‘इकिरू’ दाखवणार आहोत. आजाराने मरणाच्या दारात उभा असलेला नगरपालिकेतला विभागप्रमुख मुलांसाठी खेळाचे मैदान उभे करून घेतो, हे कळल्यापासून महापालिकेतून निवृत्त झालेले आपले दोन सदस्य तोच चित्रपट हवा म्हणून आग्रह धरून आहेत. संवाद मराठीत लिहायला मी घेतले आहेत. आपल्या वहीत त्या चित्रपटाचे काही टिपण असेल, तर कृपया पाठवावे, आणि माझे लिखाण पूर्ण झाल्यावर ते एकदा तपासून द्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वरच्या खोलीतील एक प्रेक्षक
नाशिक