तात्यांच्या नातवाचे कागद आणि एसटीचा पास

परळ, मुंबई
रविवार दुपार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांना निम्मं ऐकू गेलं नाही आणि उरलेलं आईने मधेच तोडलं, म्हणून लिहायला बसले. तसंही हे पत्र बाबा तात्यांच्या पडवीत बसून मोठ्याने वाचणार आहेत, तेव्हा कामाचं आधी लिहिते.

तात्यांच्या नातवाच्या हृदयाला भोक आहे म्हणजे सगळं संपलं असं नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या मधे पडदा असतो, त्याला ते भोक. लहान असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं, डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात. पण आई, तू जे सांगितलंस, की पोर अंगावर पिताना घामाघूम होतं, दोन घोट घेऊन धापा टाकतं, वजन भरत नाही आणि दोनदा न्यूमोनिया होऊन गेला, त्यावरून हे थांबण्यातलं वाटत नाही. माझं म्हणणं शेवटचं नव्हे, मी डॉक्टर नाही. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्याशिवाय कुणीच काही सांगू नये.

आधी देवरुखच्या सरकारी दवाखान्यात जाऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना गाठायचं. अंगणवाडीत मुलं तपासायला गाडी येते ना, तेच ते. 2013 सालापासून ही योजना आहे आणि हृदयाच्या ऑपरेशनला तिच्यातून पैसे मिळतात, फक्त त्यांची चिठ्ठी हवी. ती घेऊन रत्नागिरीला, आणि तिथून मुंबईला. थेट मुंबईला येऊन आमच्या धर्मादाय हॉस्पिटलात माझ्या टेबलासमोर उभं राहिलात तरी मी तुम्हाला त्या चिठ्ठीसाठी परत विचारणारच.

कागद: रेशनकार्ड (केशरी असलं तरी चालतं), बाळाचा जन्मदाखला, आईबापांची आधारकार्डं, लसीकरणाचं कार्ड आणि आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट. सुनेच्या आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, असं असेल तर लग्नाचा दाखला घ्या. माझ्यापुढे जितके कागद अडतात त्यातले बरेचसे बायकांच्या नावापाशी अडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. हॉस्पिटलच्या दारातच या योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, त्याच्याकडे आधी जायचं. माझा शब्द टाकायची काही गरज नाही. गाय विकू नका म्हणावं, आणि सोसायटीतून कर्जही उचलू नका.

आता बाबांचा प्रश्न. "धर्मादाय म्हणजे सगळं फुकट ना? मग तुम्हाला पगार कोण देतं?" तुम्ही चिडवायला विचारलंत, पण खरं उत्तर लिहिते. सगळं फुकट नसतं. राज्याच्या 1950 च्या विश्वस्त कायद्यात 41 कक म्हणून कलम आहे. त्याखाली धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. शिवाय एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, त्यातून हा खर्च भागतो. उरलेलं योजनांमधून, देणग्यांमधून आणि बिल भरू शकणाऱ्यांच्या बिलांमधून. कुठल्या पोराचा खर्च कुठल्या खिशातून बसवायचा, ते जुळवत बसणं हेच माझं काम. शिंप्याकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं झबलं शिवावं तसं.

देणगीदार येतात तेव्हा मात्र मला कधीकधी रागच येतो. परवा एकांच्या मुलाचा वाढदिवस होता. वॉर्डात केळी वाटली आणि फोटो काढले. चार नंबरच्या खाटेवरचं पोर ऑपरेशनला न्यायचं म्हणून पहाटेपासून उपाशी ठेवलेलं. त्याच्याही हातात केळं दिलं. सिस्टरने ते काढून घेतलं तेव्हा पोराने जो आकांत मांडला! पाहुणे म्हणे, काय हो सिस्टर, एवढं केळं तर खाऊ द्या. माणसं वाईट नसतात. पण मी त्यांना दर वेळी सांगते की केळी नकोत, एका आईचं गावाला जायचं तिकीट काढा. त्याचा फोटो येत नाही, म्हणून ते कुणाला पटत नाही.

आई, तुला आवडेल असं एक सांगते. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या आयांना बरेचदा दूध येत नाही, मग दुसऱ्या बाळंतिणींचं जादा दूध घेऊन 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून ते या बाळांना देतात. दुधाची बँकच म्हण. आशियातली पहिली अशी बँक आपल्या शीवच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात निघाली, 1989 साली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी काढली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तूच आठवलीस. वाडीतली खालच्या घरची काकू तापाने पडली होती तेव्हा तिच्या पोराला एका बाजूला आणि आपल्या बाळ्याला दुसऱ्या बाजूला घेऊन बसायचीस. आजी नाक मुरडायची आणि तू म्हणायचीस, दुधाला कसली जात.

इथपर्यंतचं तात्यांकडे वाचा. पुढचं तुमच्या दोघांसाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती मी कुणाला सांगितली नाही. मराठवाड्यातला एक बाप आला होता, ऊसतोड कामगार. मुलगी तीन वर्षांची, रक्ताचा कर्करोग. हा आजार मुलांमध्ये उपचार पुरे केले तर पुष्कळदा बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. त्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तहसीलचा शिक्का अर्धवट उमटला होता. लाइन मोठी, हिंदमाताला पाणी भरलेलं, मी वैतागलेली. मी म्हटलं, हा चालणार नाही, नवा आणा. तो "बरं मॅडम" म्हणाला आणि गेला. तक्रार नाही, विनवणी नाही. मला वाटलं दोन दिवसांत येईल.

19 दिवसांनी आला. दरम्यान मुलीचा एक डोस चुकला. मी विचारलं, इतके दिवस का? तो म्हणाला, मुकादमाकडून जादा उचल घेतल्याशिवाय परत यायला भाडं नव्हतं. मुलीच्या मनगटाला सुईची पट्टी तशीच होती, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सिस्टरने बांधलेली, आणि त्यावर पिवळा धागा गुंडाळलेला, कुठल्यातरी देवीचा. पुठ्ठा मळून काळा झाला होता. 600 ग्रॅम वजन उतरलं होतं. शिक्क्यासाठी. मी एक फोन करून त्या ऑफिसातून दाखला मागवू शकले असते, तोवर तिला चालू उपचारांवर ठेवता आलं असतं. आता मी तसंच करते. मुलगी अजून येते, केस परत उगवलेत. बाप माझ्याशी नीट बोलतो, तेच मला जास्त लागतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि बाळ्याचा पाय आठवला.

1991 साल, मी आठ वर्षांची. बाळ्याचा पाय आत वळलेला आणि तुम्ही दोघं त्याला घेऊन परळला वाडिया हॉस्पिटलात यायचात. मला आजीकडे ठेवायचात, म्हणून मला फक्त जाणं आणि येणं आठवतं. बाळ्याचा पाय दर वेळी नव्या पांढऱ्या प्लास्टरमध्ये. लालबागला मिलवाल्या काकांच्या खोलीत अकरा माणसं, तुम्ही जिन्यात झोपायचात, हे काकूने मला नंतर सांगितलं. आज तेच काम दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाच-सात वेळांत होतं, मग बहुतेकांच्या टाचेमागचा स्नायुबंध छोट्या छेदातून कापतात आणि मधे पट्टी जोडलेले बूट घालायचे, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त पोरं गळतात ती प्लास्टरच्या तिसऱ्या-चौथ्या खेपेला. डॉक्टर म्हणतात, पालकांना महत्त्व कळत नाही. मी पालकांना फोन करते, तेव्हा कळतं की महत्त्व कळलेलं असतं. रोजंदारी बुडते, तिकीट लागतं, आणि घरी दुसरी दोन पोरं असतात.

बाबा, तुम्ही कंडक्टर होतात. घरच्यांचा पास होता. परळचा डेपो तुमचाच, ड्रायव्हर ओळखीचे. बाळ्या आज सरळ चालतो, रिक्षा चालवतो, गणपतीत नाचतो, त्यात डॉक्टरांचा हात आहेच. पण पासाचाही आहे, आणि काकांच्या जिन्याचाही. दारात फूटपाथवर ताडपत्री बांधून राहणारी माणसं मी रोज बघते. केईएम, वाडिया आणि टाटा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, आणि या तिघांच्या मधे त्या ताडपत्र्या. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. त्या माणसांना लालबागला काका नसतात.

अजून एक. पूर्वी माझ्यासारख्या बाईसमोर जाऊन बसावं लागे आणि आपली परिस्थिती सांगावी लागे. आई म्हणते, बाबा त्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "मी एसटीचा माणूस आहे, हात पसरणार नाही." बिल भरलंत. मी याआधी यावर हसायचे. आता माझ्या टेबलापलीकडे रोज असा एक तरी बाप असतो जो म्हणतो, "नको मॅडम, बघतो मी कुठूनतरी." त्याला खुर्चीत बसवायला मला दहा मिनिटं लागतात. आधी मी चहा मागवते आणि पोराचं नाव विचारते, पैशाचं नंतर.

तात्याही तुमच्यासारखेच आहेत, मला माहीत आहे. म्हणून त्यांच्याबरोबर बाबा तुम्ही या. आरोग्यमित्रापुढे त्यांच्याऐवजी तुम्ही बोला. मी पहाटे परळ डेपोवर उभी राहीन. बाळासाठी टोपी आणि गोधडी आणा, वॉर्डातला पंखा बंद होत नाही. फणस आणू नका, मागच्या वेळी अख्खी ओपीडी घमघमत होती. आणायचाच असेल तर गरे काढून, डब्यात.

आई, एक विचारायचं राहून जातं. गणपतीत ट्रंक आवरताना बाळ्याच्या त्या प्लास्टरच्या पावत्या सापडल्या आणि त्याच रुमालात सोनाराची एक चिठ्ठी होती, 1991 चीच, दोन पाटल्यांची. माझ्या लग्नातल्या फोटोत तुझ्या हातात काचेच्याच बांगड्या आहेत. त्या पाटल्या कधी सुटल्या होत्या का?

तुमची
बेबी