सकाळचा खोकला सवयीचा म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की पेपरात हवेच्या प्रदूषणाच्या बातम्या सुरू होतात, मुंबईची हवा, दिल्लीची हवा, आज इंडेक्स किती गेला वगैरे. वाचून वाटतं आपण कोकणातले किती नशीबवान, पुढे समुद्र आणि मागे आंब्याची कलमं. पण पहाटे आमच्या वाडीत जरा कान देऊन ऐकलंत तर दोन-तीन घरांआड कोणीतरी खोकत असतं आणि बरेचदा ती घरातली म्हातारी बाई असते जिने उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांचा सकाळचा खोकला आमच्या घरात इतका मुरला होता की तो सुरू झाला की मुलं म्हणायची, साडेपाच वाजले. अर्धा तास उबळ, मग थोडा पांढरा बेडका पडायचा, मग चहा घेतला की बाई दिवसभर बऱ्या. त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा नाही, याचं आजही वाईट वाटतं. अडुळशाचा काढा झाला, आलं-मध झालं, ज्येष्ठमध झालं, एका डॉक्टरांनी तीन वर्षांत कितीतरी बाटल्या सिरप दिलं पण छातीला नळी लावून नीट ऐकलं नाही की खोकला कधीपासून आहे ते विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यात विहिरीवरून घरापर्यंत कळशी आणताना त्या मधेच पायरीवर बसल्या, दम लागून बोलता येईना, तेव्हा आम्ही जागे झालो.

रत्नागिरीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आंघोळीचं पाणी कशावर तापवता? आता गॅस आमच्याकडे कधीचा आहे, जेवण त्याच्यावरच होतं. पण पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवरच, आणि हे आमच्याकडेच नाही, अख्ख्या वाडीत असंच आहे, कारण जळण फुकट, नारळाची सोडणं, चुडतं, करवंट्या आवारात पडलेलीच असतात. पावसाळ्यात ती सोडणं दमट झाली की पेटत नाहीत, नुसती धुमसतात. मग सासूबाई खाली वाकून फुंकणीने फुंकत बसणार आणि तो सगळा धूर त्यांच्याच तोंडावर परत येणार, न्हाणीला खिडकी म्हणजे भिंतीतला एक चिरा काढून ठेवलेलं भोक. वरच्या कौलांना बोट लावलं तर काजळी डांबरासारखी चिकटते. लग्न होऊन आल्यापासून हे काम त्यांचं, म्हणजे हिशोब करा किती वर्षांचा धूर झाला.

आधी थुंकीची तपासणी आणि एक्सरे केला, टीबी नाही निघाला. मग फुंकायची टेस्ट केली, स्पायरोमेट्री म्हणतात. नाकाला चिमटा लावून एका नळीत जेवढा जोर आहे तेवढा लावून फुंकायचं आणि निदान सहा सेकंद फुंकतच राहायचं. सासूबाईंचा श्वास मधेच अडायचा, तीन-चारदा करावं लागलं. मग औषधाचा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावलं, तरी आकडा फारसा वाढला नाही. निदान झालं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार. हा आजार विडी-सिगारेटवाल्यांचा अशी माझी समजूत होती, पण डॉक्टर म्हणाले चुलीच्या धुराने तोच होतो. श्वासनळीत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ झाडून वर ढकलत असतात, धुराने ते निकामी होतात आणि कफही जास्त तयार होतो. रात्रभर आडवं झोपल्यावर तो साचून राहतो म्हणून उठल्या-उठल्या उबळ येते. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण धूर बंद केला आणि इन्हेलर नियमित घेतला तर पुढची पडझड हळू होते. इन्हेलरची सवय लागते म्हणून आमच्याकडे लोक घाबरतात, तसं काही नसतं.

सगळ्यांच्याच खोकल्याचं कारण चूल असतं असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या काकांना कोरडा खोकला होता तो बीपीच्या गोळीचा निघाला, रामिप्रिल, एनालाप्रिल असल्या गोळ्यांनी काहींना होतो, डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर गेला (आपल्या मनाने बंद करू नका). कोणाला रात्री दहाला मासे-भात खाऊन लगेच आडवं झाल्याने ॲसिड वर येऊन होतो, कोणाला नाकातलं पाणी घशात उतरून. दम्याचा खोकलाही पहाटेच जास्त उसळतो. त्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना बुरशी आणि गोधड्यांना चार महिने ऊन नाही.

पण दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासायलाच हवी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. सकाळचा पहिला बेडका द्यायचा, छातीतून खोकून काढलेला, नुसती लाळ देऊन उपयोग नाही. संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरणं, बेडक्यात रक्त यातलं काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. टीबी निघाला तरी लपवायचं काही कारण नाही, साधारण सहा महिन्यांचं औषध फुकट मिळतं आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिना ५०० ऐवजी १००० रुपये खात्यात जमा होतात. आमच्या वाडीतल्या बऱ्याच बायकांना हे माहीतच नव्हतं.

माझी मागणी एवढीच आहे की ही फुंकायची टेस्ट तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी, निदान महिन्यातून एक दिवस ठरवून. आम्हाला त्या टेस्टसाठी एसटीने जायला-यायला अख्खा दिवस मोडला, सोबत माणूस लागला, एकटी म्हातारी बाई हे करणार नाही, ती सिरपची बाटली घेऊन घरी जाईल. आणि आशाताई घरोघरी येतात तेव्हा त्यांच्या वहीत पाणी कशावर तापवता हा एक प्रश्न टाकावा. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरला तर कदाचित कोणी ऐकेल.

आम्ही दिवाळीत छपरावर सोलर बसवला, पावसाळ्यात मात्र पाणी गॅसवर ठेवावं लागणार. चूल अजून मोडलेली नाही, सासूबाई नको म्हणतात, पण जळण आता मी आवारातच कुजायला टाकते. खोकला आहे, पण अर्ध्या तासाचा पाच-दहा मिनिटांवर आलाय आणि परवा त्या मधे न बसता विहिरीपर्यंत जाऊन आल्या, रिकाम्या हाताने.

आपली,
एक वाचक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी