खिशात राहिलेली पिन

उद्यमबाग, बेळगाव

चि. सुजाता हीस अनेक आशीर्वाद.

हेलिकॉप्टर दुरुस्तीच्या हँगरमध्ये तुझी रात्रपाळी सुरू झाल्याचे आईकडून कळले, आणि लास वेगासजवळचा ७ डिसेंबर २०११ चा अपघात पुन्हा डोक्यात घोळू लागला. पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या ए-एस ३५० हेलिकॉप्टरची शंभर तासांची तपासणी आदल्याच दिवशी झाली होती आणि मुख्य रोटरचा एक सर्व्हो, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा हायड्रॉलिक दट्ट्या, बदलला होता. झिजलेला जुनाच सेल्फ-लॉकिंग नट (स्वतःच घट्ट धरून राहणारा) पुन्हा चढवला गेला आणि तो फिरू नये म्हणून आरपार घालायची स्प्लिट पिन नीट बसवली नव्हती किंवा घातलीच नव्हती, असे चौकशीत निघाले. जोडणी सुटली, वैमानिकाचा ताबा गेला, पाचही जण दगावले. काम करणारा मेकॅनिक आणि ते तपासणारा, दोघेही थकलेले होते, हेही अहवालात आहे.

दुरुस्तीनंतर चाचणी उड्डाण झाले होते, हे मला सर्वांत जास्त खटकते. पिन नसलेला नट पहिल्या फेरीला टिकतो; कंपनाने तो सावकाश मागे येतो.

तुला कधी सांगितले नाही, पण गॅरेजात असताना उचगावच्या एका ट्रॅक्टरचा टाय-रॉड, म्हणजे चाके वळवणारा दांडा, मी बसवला, मध्येच चहाला गेलो, आणि रात्री शर्ट काढताना पिन खिशात सापडली. सकाळी तो ऊस भरून निघणार होता. तसाच सायकलवरून गेलो आणि बॅटरीच्या उजेडात पिन घातली. ट्रॅक्टर रस्त्याकडेला थांबवता तरी येतो.

उड्डाणापूर्वी वैमानिक तेलाची पातळी, शेपटीचा रोटर, पात्यांचे बांधलेले पट्टे पाहील. पण प्रत्येक नट काही तो उघडून पाहणार नाही, तिथे तुझ्या सहीवरच त्याची भिस्त. आमच्याकडे रुपया वाचवायला जुना नायलॉक, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्याने घट्ट धरणारा नट, सर्रास वापरतात. तो बोटांनी शेवटपर्यंत फिरला की फेकायचा, एवढे तरी तू पाळ. काम अर्ध्यावर सोडावे लागले, तर परतल्यावर चार पायऱ्या मागून सुरुवात कर.

तुझे काम पहाटे दुसरे कोणी तपासते, की तूच पुन्हा पाहून सही करतेस, ते उलट टपाली कळव.

तुझे,
बाबा