कोपर का सोललं

एडिसन, न्यू जर्सी
मंगळवार, मे अखेर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला कोपराची पट्टी दिसली आणि मी "जिन्यात पाय घसरला" म्हणालो. ते खोटं होतं. आईला तेव्हाच कळलं असणार, कारण तिने पुढे एक शब्द विचारला नाही. आई अशी गप्प बसली की मला झोप लागत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलो असतो तर पहिल्याच वाक्याला अडवलं असतंत.

शनिवारी मी सायकलच्या शर्यतीत उतरलो होतो.

बाबा, तुमच्या डोळ्यांपुढे लगेच मुंबई-पुणे शर्यत येणार. तुम्ही मला बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ कठड्यावर बसवलं होतंत, आठवतं? खोपोलीकडून एकेक जण मान खाली घालून चढत येत होता, आणि "घाटाचा राजा" कोण होणार यावर तुमची आणि शेजारच्या ट्रकवाल्याची पैज लागली होती. आमच्या शर्यतीत घाट नाही, गाव नाही, काहीच नाही. हिला क्रायटेरियम म्हणतात. बोलताना सगळे नुसतं 'क्रिट' म्हणतात. सुट्टीच्या दिवशी ओस पडलेल्या ऑफिसांच्या आवारातला सव्वा-दीड किलोमीटरचा रस्ता बंद करतात आणि त्यावर गोल गोल फिरायचं. आमच्या नवशिक्यांच्या गटाला तीस मिनिटं होती. किती फेऱ्या उरल्या त्याची पाटी पंच लावतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. मधेही एखादी घंटा होते, तिला 'प्रीम' म्हणतात: त्या फेरीत जो पहिला येईल त्याला बक्षीस. शनिवारी बक्षीस होतं कॉफीचं पाकीट, आणि त्यासाठी माणसं जीव टाकून पळाली!

मला वाटायचं, आपण रोज पन्नास-साठ किलोमीटर मारतो, अर्धा तास म्हणजे काय. पहिल्या दोन फेऱ्यांतच तोंडाला फेस आला. पुढच्या सायकलीच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं तर वारा तो खातो आणि आपली जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद वाचते. हे मला माहीत होतं, म्हणून मी शहाणपणा करून घोळक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसलो. तिथेच चुकलं. सिग्नल सुटला की पहिली गाडी आरामात निघून जाते आणि दहावीला थांबून मग धावाधाव करावी लागते ना, तसं दर वळणाला होतं. पुढचे ब्रेकला हातही न लावता वळतात. मागचा मी ब्रेक दाबणार, वेग पडणार, मग उभं राहून पायडल मारत तुटलेलं अंतर भरून काढणार, तोवर पुढचं वळण. अशी चार वळणं एका फेरीत. पुढचे सायकल चालवत होते, मी दर फेरीत चार वेळा नव्याने सुरुवात करत होतो.

आई, यापुढचा परिच्छेद तू सोडलास तरी चालेल.

सहाव्या फेरीत डावीकडच्या वळणावर मला अंतर पडू द्यायचं नव्हतं. वळताना आतला पाय वर धरायचा आणि पायडल थांबवायचं, हे शर्यतीआधी पंचांनी सांगितलं होतं. मी सायकल झुकलेली असतानाच पायडल मारलं. डावं पायडल रस्त्याला लागलं, खट्ट आवाज झाला, मागचं चाक उचललं गेलं आणि मी डाव्या कुशीवर घसरत गेलो. वाळू नव्हती, कुणी धक्का दिला नाही, मागे कुणी नसल्यामुळे कुणी अंगावरही आलं नाही. सगळी चूक माझी एकट्याची. कोपर आणि मांडीच्या वरची बाजू सोलली, जर्सी खांद्यापाशी फाटली. हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही.

आता गंमत. क्रिटमध्ये पडलात किंवा टायर पंक्चर झालं तर एक फेरी माफ असते. तुम्ही पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या जागी जायचं, पंच बघतात, मेकॅनिक सायकल तपासतो, आणि तुमचा घोळका फिरून आला की त्यात पुन्हा सोडतात. फक्त शेवटच्या आठ किलोमीटरमध्ये ही सवलत नाही. मी लंगडत सायकल नेली. मेकॅनिकने वाकलेलं हँडल गुडघ्यांत चाक धरून सरळ केलं, ब्रेक दाबून बघितले. पंचबाई माझ्या कोपराकडे बघून म्हणाल्या, "जायचंय का?" आणि मी मान हलवली. त्यांनी मला पाठीमागून असं काही ढकललं की तुम्ही मला सायकल शिकवताना कॅरियर धरून ढकलायचात त्याचीच आठवण झाली. त्यानंतर मात्र घोळक्याच्या मधोमध राहिलो आणि फरक लगेच कळला. दोन फेऱ्या राहिल्या असताना दम संपला, घोळक्याच्या मागे पडलो, एकटाच आलो.

बाबांचा प्रश्न मला ऐकू येतोय. अडतीस जणांत सत्ताविसावा.

जखम तिथल्या मदतनीस बाईंनी खाऱ्या पाण्याने धुतली. पडताना दुखलं नव्हतं तेवढं तेव्हा दुखलं. पहिल्या रात्री चादर चिकटली होती; आता खपली धरतेय. हळद लावलेली नाही, आई, पण ताप नाही, सूज नाही.

काल इथे मेमोरियल डेची सुट्टी होती, म्हणून तसाच पट्टी बांधून सॉमरव्हिलला गेलो. एडिसनहून जवळच आहे. तिथे १९४० पासून याच दिवशी शर्यत होते. पॉप कुगलर नावाच्या गावातल्या सायकल दुकानदाराने सुरू केली. रस्त्यावर शर्यत लावायला तेव्हा कायद्याची आडकाठी होती, म्हणून पठ्ठ्याने तिचं नाव 'टूर' ठेवलं! पहिली दोन वर्षं त्याचाच मुलगा फर्मन जिंकला, १९४२ ला कार्ल अँडरसन. दोघेही दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. युद्धानंतर १९४७ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली ती या दोघांच्या नावाने. बापाने मुलाच्या नावाची शर्यत स्वतः भरवायची म्हणजे काय झालं असेल, हे मी वळणावर उभा राहून मनात घोळवत होतो, तेवढ्यात घोळका आला. पन्नास मैलांची शर्यत, त्या वेगाने, आणि वळणात एकाचंही पायडल हलत नव्हतं. एक नाही. मी प्रत्येकाचा आतला पाय बघत होतो.

बाबा, तुमची हर्क्युलस मागच्या अंगणात पडली असेल, तिच्या चेनला तेल घाला. डिसेंबरात आलो की खोपोलीपासून वर जाऊ. तुम्ही स्कूटरवर या, शिंगरोबाला नाणं टाकायला थांबू.

पुढची शर्यत दोन आठवड्यांनी आहे. आईला आत्ताच सांगू नका. अर्थात पत्र तीच आधी फोडणार.

तुमचा,
मंदार