पीडीएफ मागितलीस म्हणून

फोंडा, गोवा
रविवार, दुपार

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा मेसेज आला. "तुमच्या साइटवर बातमी उघडत नाही रे, वर्गणी मागतात. रोज सकाळी पेपरची पीडीएफ टाकशील का?" मी लगेच हो म्हणणार होतो, पण लिहिता लिहिता थांबलो. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर मावण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

दुसऱ्या कुणी मागितली असती तर एवढं लागलं नसतं. तू अण्णांचा मुलगा आहेस.

आठवतं ना, पहाटे साडेचारला जुन्या बसस्टँडवर गठ्ठे उतरायचे. अण्णा ब्लेडने सुतळी कापायचे, आपण दोघं खाली बसून पुरवण्या आत घालायचो. ढवळीची लाइन तुझी, कुर्टीची माझी. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा आणि आपल्या सायकलची घंटा एकाच वेळी वाड्यावर पोचायची. आणि अण्णांची ती लाल कापडी बांधणीची वही. एका घराला एक ओळ. ज्या दिवशी पेपर पडला नाही, त्या दिवसाच्या चौकोनात फुली. महिनाअखेरीस फुल्या मोजून तेवढे पैसे वजा करायचे आणि मगच बिल लिहायचे. वसुलीला गेलो की निम्म्या घरांतून "फाल्यां दितां", उद्या देतो, एवढंच ऐकून परत यायचो आणि आपण चिडायचो. अण्णा चिडायचे नाहीत. बांदोड्याच्या त्या निवृत्त मास्तरांची पेन्शन अडकली होती, तेव्हा चार महिने त्यांचा पेपर चालू ठेवला. मास्तरांनी चवथीच्या आधी सगळी बाकी आणून दिली, सोबत गणपतीवरच्या माटोळीला टांगायला तोरिंजनाचं एक फळही.

मला आता कळतं की त्या बिलात बातमीची किंमत कधी नव्हतीच. कागद, शाई, गाडी, आमचे पगार हे सगळं धरलं तर एका अंकाचा खर्च छापील किमतीच्या कितीतरी वर जायचा. वरचा भार जाहिराती उचलायच्या. वाचकाला वाटायचं, आपण पेपर विकत घेतो. त्यातले थोडे पैसे रद्दीवाला परत द्यायचा. पुढे इंटरनेट आलं आणि आम्ही सगळ्या बातम्या साइटवर फुकट ठेवल्या. वाचक वाढले की जाहिराती आपोआप येतील, असं तेव्हा जो तो म्हणायचा, मीही म्हणायचो. वाचक आले, जाहिराती मात्र गूगल आणि फेसबुककडे गेल्या. आमच्याकडे उरल्या त्या मुख्यतः सरकारी जाहिराती, आणि मृत्यूच्या, वर्षश्राद्धाच्या. दिगू, सरकारी जाहिरातीवर पगार निघत असताना त्याच सरकारची फाइल उघडायची म्हणजे काय, हे मी तीस वर्षं बघतो आहे. म्हणून मला वाचकाचे पैसे हवेत. दुसरं कारण नाही.

बातमीला वर्गणीचं कुलूप लावलं की पैसे येतात, असंही सरळ गणित नाही. न्यूयॉर्क टाइम्सने 2005 मध्ये फक्त आपले नावाजलेले स्तंभलेखक कुलपाआड ठेवले, तर दोन वर्षांत ते कुलूप काढावं लागलं. मग मार्च 2011 मध्ये दुसरी रीत काढली, महिन्याला 20 लेख फुकट आणि पुढचं वर्गणी भरून. आज त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत, पण त्यांना जगभरचा इंग्रजी वाचक आहे, आणि बातमीच्या जोडीला कोडी, खेळ, पाककृतीही विकता येतात. लंडनच्या 'सन' या चटपटीत बातम्यांच्या पेपरने 2013 मध्ये कुलूप लावलं आणि 2015 मध्ये काढलं. त्या धाटणीच्या बातम्या शेजारी फुकट मिळत होत्या, मग पैसे कोण देणार? गार्डियनने दार उघडंच ठेवलं आणि वाचकांकडे मदत मागितली.

आपलं काय? 2011 च्या जनगणनेत अख्खा गोवा साडेचौदा लाखांचा. घरात कोंकणी बोलणारा आणि मराठी पेपर वाचणारा आपला माणूस त्यातला एक भाग. एवढ्याशा अंगणात न्यूयॉर्कची रीत उचलून आणायची तर मापं बदलावी लागतील, आणि आमच्या लोकांनी ती बदलली नाहीत. वर्षाची वर्गणी एकदम मागतात. छापील अंकावर जीएसटी नाही आणि तीच बातमी पडद्यावर वाचायची तर 18 टक्के. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले, तेव्हा कार्डावरून आपोआप जाणाऱ्या कितीतरी वर्गण्या मध्येच तुटल्या. अण्णांच्या गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत असायची गरज पडली नव्हती.

आता जे मला खरोखर टोचलं ते सांगतो. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 2024 साली कलम 39 अ आलं. त्याखाली जमिनीचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरायची ते, बदलायचा तर राजपत्रात नोटीस येते आणि हरकती घ्यायला 30 दिवस असतात. दर गुरुवारी राजपत्र आलं की मी सर्व्हे नंबर एकेक करून बघतो. गेल्या वर्षी एका गावाचा नंबर दिसला, डोंगरउताराची बागायत, खाली झर. मी दोन दिवस हिंडून बातमी केली. साइटवर तिला कुलूप लागलं. गावातल्या ग्रुपवर काय फिरलं? मथळा आणि पहिली तीन वाक्यं, खाली 'पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा'. सर्व्हे नंबर चौथ्या वाक्यात होता, हरकतीची मुदत शेवटच्या परिच्छेदात. दिवसभर गावात वेगळ्याच भाटाचं, म्हणजे बागायतीचं, नाव चाललं आणि ज्याचा काही संबंध नाही त्या माणसाच्या दारात चार जण भांडायला गेले. संध्याकाळी कुणीतरी छापील पानाचा फोटो टाकला तेव्हा उलगडा झाला. मी सकाळपासून ऑफिसात विनवत होतो, एवढी एक बातमी उघडी करा. 'धोरण आहे' असं उत्तर मिळालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या पगारासाठी लावलेलं कुलूप आणि माझी बातमी, दोन्ही एकमेकांच्या आड आली होती.

म्हणून माझं म्हणणं असं ठरलं आहे आणि ते मी ऑफिसात लेखी दिलं आहे. ज्या बातमीत मुदत आहे, ती उघडी हवी. नोटीस, ग्रामसभा, पाणी, पूर, निवडणूक, सगळं. पैसे मागायचे ते त्यामागच्या कामाचे, आणि महिन्याला, लहान रकमेत, यूपीआयने. पेन्शन अडकली तर महिनाभर थांबता यावं. साइट बंद पडली तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा व्हावेत. आणि मागणारा एक माणूस हवा, ज्याचं नाव वाचकाला माहीत आहे. पडद्यावरच्या चौकटीला "फाल्यां दितां" म्हणताही येत नाही, सरळ खिडकी बंद करून माणूस निघून जातो.

पीडीएफचं म्हणशील तर 2020 च्या टाळेबंदीत कागदाला हात लावायला लोक घाबरू लागले आणि ती सवय लागली. त्याच वर्षी दैनिक जागरण टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि कोर्टाने त्यांचा अंक फुकट वाटणारी चॅनेलं बंद करायला सांगितली. पण तुझ्यावर कुणी कोर्टात जाणार नाही, आणि मला कायद्याची भीती घालायची नाही. मला एवढंच वाटतं की पहाटे थंडीत कुडकुडत आपण जो पेपर टाकला, त्याचे पैसे मिळावेत म्हणून अण्णा उन्हातान्हात दारोदार फिरले, आणि त्यांच्या मुलाने तो फुकट मागू नये.

तेव्हा पीडीएफ पाठवणार नाही. रागावू नकोस. तू वर्गणी भर, ओटीपीपाशी अडलं तर दुपारी फोन कर, रात्री डेस्कवर घाई असते. काकूंना मृत्यूचं पान हातात धरून वाचायला लागतं, त्यांचा छापील अंक चालू ठेव.

आणि एक काम. अण्णांची ती लाल वही तुमच्या माळ्यावर असेल तर चवथीला येशील तेव्हा काढून ठेव. वितरणाचं बघणाऱ्या आमच्या नव्या मुलाला त्यातल्या फुल्या दाखवायच्या आहेत.

तुझा,
रमाकांत