सतरा हजार अकरा

पेडणे, गोवा
३ एप्रिल २०१९

चि. बायेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले लंडनच्या मोर्चाचे छायाचित्र पाहिले. २३ मार्चच्या त्या अफाट गर्दीत, लोकांना पुन्हा एकदा विचारा अशा मजकुराचा पुठ्ठा डोक्यावर धरून तू उभी आहेस. तुझ्या आईला त्यात तुझी उतरलेली तब्येत दिसली. मला त्यात तुझे आजोबा दिसले. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे, म्हणजे ब्रेक्झिटचे, सार्वमत दुसऱ्यांदा घ्यावे की नाही, यावर तू माझे मत विचारले आहेस. फोनवर हा विषय निघाला की तू मध्येच बोलतेस आणि मी चिडतो, म्हणून लिहूनच कळवतो.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने, अशी निशाणी होती. आपल्या तालुक्याने भरभरून फुलाला मते दिली. आजोबा शाळामास्तर, विलीनीकरण होणार याविषयी त्यांच्या मनात शंकाच नव्हती, कारण त्यांना भेटणारा प्रत्येक माणूस फुलाचाच होता. निकाल लागला तो असा: विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१. त्या रात्री त्यांनी हिशेबाच्या वहीत ३४,०२१ या फरकाला दोनाने भागले आणि अर्धा माणूस मत देत नाही म्हणून उत्तर वर घेऊन १७,०११ असा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. एवढी माणसे इकडची तिकडे झाली असती तर, हे वाक्य मी पुढे वीस वर्षे ऐकले. १९८७ साली ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तुझ्या पत्रातही तसाच भागाकार आहे. १,७४,१०,७४२ वजा १,६१,४१,२४१, फरक १२,६९,५०१, म्हणजे सहा लाख पस्तीस हजार माणसे फिरली असती तर ब्रिटन युरोपीय संघातच राहिले असते, असे तू लिहितेस. शिवाय तीन वर्षांत किती वृद्ध मतदार वारले आणि किती नवे मतदार झाले, याचाही हिशेब तू मांडला आहेस. सहासष्टाव्या वर्षी मला तो हिशेब वाचवत नाही, हे एक झाले. दुसरे असे की, या न्यायाने कोणताच निकाल दोन-तीन वर्षांपेक्षा अधिक टिकू नये. हे दोन्ही मुद्दे तू सोडून द्यावेस. ते हरलेल्या माणसाचे मुद्दे आहेत आणि ऐकणाऱ्याला ते तसेच ऐकू येतात.

एवढे लिहूनही माझे मत तुझ्या बाजूने पडते. त्याचे कारण मात्र वेगळे आहे आणि ते समजण्यासाठी पुन्हा आपल्याच कौलाकडे यावे लागते.

१९६७ साली दोन्ही वाटा कुठे जातात ते लोकांना दिसत होते. महाराष्ट्र म्हणजे सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडचे बांदा, सावंतवाडी; तिथे आमची सोयरीक होती, तिथली शाळा, तिथला तलाठी, तिथला रस्ता आम्ही पाहिलेला होता. दुसरी वाट म्हणजे जे चालू आहे तेच पुढे. संसदेने त्यासाठी कायदा केला होता. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणाच्या बाजूच्या बांदोडकरांनी आधी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात असे दोन दैनिकांचे भांडण आम्ही रोज वाचत होतो, आणि दोन्ही दैनिके मराठीच होती, हे आजोबांचे सर्वांत मोठे दुःख होते. कौल गमावलेल्या त्याच बांदोडकरांना लोकांनी दोन महिन्यांनी, मार्चच्या निवडणुकीत, पुन्हा सत्तेवर बसवले. तुम्ही हवेत, विलीनीकरण नको, इतके स्पष्ट उत्तर लोक देऊ शकले, कारण प्रश्न तितका स्पष्ट होता. तो पुन्हा विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. आजोबांच्या हयातीत हे मी त्यांना कधी बोललो नाही.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात राहायचे म्हणजे काय ते ठाऊक होते, पण बाहेर पडायचे म्हणजे कुठे जायचे, हे मतपत्रिकेवर नव्हते आणि प्रचारातही नव्हते. कोणी संघाबाहेर राहूनही त्याच्या बाजारपेठेत असलेल्या नॉर्वेचा दाखला देत होता, कोणी साऱ्या जगाशी मुक्त व्यापाराचे चित्र रंगवत होता, तर कोणाला फक्त पोलंडहून येणारी माणसे थांबायला हवी होती. ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड आणि संघातला आयर्लंड यांच्या सीमेचे काय होणार, हा प्रश्न तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नव्हता, आणि आज सगळे घोडे तिथेच अडले आहे. सासर कोणते ते न सांगता मुलीला लग्न करतेस का एवढेच विचारावे, तसा तो प्रकार झाला. आता स्थळ समोर आले आहे, म्हणजे पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला करार लिहून तयार आहे, आणि ज्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले त्यांच्यातच हे स्थळ पसंत की नापसंत यावर मारामारी चालली आहे. अशा वेळी लोकांना विचारणे म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारणे नव्हे.

हा भेद माझ्या पदरचा नाही. १८ मार्चला ब्रिटनच्या संसदेतले सभापती बर्को यांनी १६०४ सालापासूनच्या प्रथेचा आधार घेऊन सरकारला बजावले की, सभागृहाने एकदा निकालात काढलेला तोच प्रस्ताव, त्यात काही मूलभूत बदल केल्याशिवाय, त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येणार नाही. त्यापूर्वी जानेवारीत तो करार २३० मतांनी आणि मार्चमध्ये १४९ मतांनी पडला होता. नंतर त्याचा एक भाग वगळून २९ तारखेला तो तिसऱ्यांदा आणला, तेव्हा ५८ मतांनी पडला. खासदारांना तीनदा विचारायचे आणि लोकांना दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे लोकशाहीचा अपमान आहे असे म्हणायचे, हे मे बाईंना कसे साधते कोण जाणे. बर्को यांची कसोटी मी लोकांनाही लावतो: मजकूर बदलला असेल तर विचारा, नसेल तर गप्प बसा. डेन्मार्कने १९९२ साली युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराला नकार दिला, चलन आणि संरक्षणासह चार बाबतींत सवलती मिळवल्या आणि मगच पुढच्या वर्षी पुन्हा मतदान घेऊन होकार दिला. आयर्लंडने असे दोनदा केले, जरी तिथे बदल पुरेसा होता की नाही याबद्दल मला शंका आहे.

खरे तर हे दोन पायऱ्यांचे मतदान सुरुवातीलाच ठरवून ठेवायला हवे होते. न्यूझीलंडने निवडणूक पद्धतीबद्दल १९९२ साली लोकांचा कल घेतला आणि १९९३ साली निवडलेल्या एका पर्यायावर बंधनकारक मतदान घेतले. कोणालाही फसवल्यासारखे वाटले नाही, कारण दुसरी फेरी आहे हे आधीच माहीत होते. २०१६ चे सार्वमत घेणारे पंतप्रधान कॅमेरून यांना आपल्या हुजूर पक्षातले भांडण मिटवायचे होते, आणि जिंकूच अशी खात्री असलेला माणूस हरण्याची तजवीज करत नाही.

आता तुमच्या मोर्चाविषयी. तुम्ही तोंडाने करारावर लोकांची संमती मागता, पण अर्ध्याअधिक फलकांवर ब्रेक्झिट थांबवा असे लिहिलेले आहे. समोरचा ते वाचतो. सभागृहात परवा, १ तारखेला, करारावर लोकांचे मत घेण्याचा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ असा अवघ्या बारा मतांनी पडला. मजूर पक्षातल्या ज्या खासदारांचे मतदारसंघ बाहेर पडण्याच्या बाजूचे आहेत, त्यांपैकी काहींनी तुमच्यावर विश्वास ठेवला असता तर तो संमत झाला असता, असे मला वाटते. शिवाय मतपत्रिकेवर काय छापणार हेही तुम्ही नीट सांगत नाही. करार की संघात राहणे, एवढेच दोन पर्याय ठेवले तर कराराविना बाहेर पडू पाहणारे म्हणतील की आम्हाला वगळले. तीन ठेवले तर मते फुटून कोणालाच बहुमत मिळणार नाही. माझ्या मते दोनच ठेवावेत, कारण लिहून तयार असलेला मजकूर दोनच गोष्टींचा आहे. आणि निकाल बंधनकारक आहे, असे यावेळी कायद्यातच लिहावे. २०१६ चा निकाल कायद्याने केवळ सल्ल्यासारखा होता, आणि या पळवाटेवर तुझे मित्र अजून भिस्त ठेवून आहेत, ते मला आवडत नाही.

आणखी एक. तुझ्याकडे भारताचा पासपोर्ट असून राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून तुला २०१६ साली मत देता आले. आपल्या वाड्यावरचा स्विंडनला गेलेला तो मुलगा त्याच्या आजोबांच्या जन्माच्या दाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून गेला, बारा वर्षे गोदामात राबतो आहे, आणि ज्या निर्णयाने त्याचाच तिथे राहण्याचा हक्क टांगणीला लागला त्यात त्याला मत नव्हते, कारण तो युरोपीय नागरिक ठरला. दुसरे मतदान झाले तरी त्याला मत मिळणार नाही, जोवर कायदा बदलत नाही. तुमच्या मोर्चात याविषयी कोणी काही बोलले का? ३० मार्चपासून युरोपीय नागरिकांच्या वास्तव्याच्या अर्जाची योजना सर्वांना खुली झाली आहे. त्याचे इंग्रजी बेताचे आहे, तेव्हा एखाद्या रविवारी जाऊन त्याचा अर्ज भरून दे.

मला तुझ्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. उद्या दुसरे मतदान झाले, तू म्हणतेस तसा कायदा झाला, प्रश्न स्वच्छ होता, आणि निकाल पुन्हा ५२ विरुद्ध ४८ असाच, करार करून बाहेर पडण्याच्या बाजूने लागला, तर तू पुन्हा पुठ्ठा घेऊन रस्त्यावर उतरशील का? निकालानंतर नव्हे, आत्ता सांग. आजोबांना हे कोणी आधी विचारले नाही.

शनिवारी पाडवा आहे. इथे २३ तारखेच्या लोकसभेच्या मतदानाचे भोंगे सकाळपासून फिरतात आणि काजूच्या बोंडूंचा वास घरभर भरला आहे. आजोबांच्या वहीतले ते पान आईने मोबाइलवर टिपले आहे, ते तुला पाठवायला सांगतो. उत्तर फोनवर नको, लिहून धाड.

तुझे
बाबा